माझ्या पोटातलं उसनं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. लगेच वाकून पाहू नका. माझ्यात तुमचं डोकंच काय, मूठसुद्धा मावणार नाही. मी म्हणजे जमिनीत अकरा मीटर उभी गाडलेली प्लास्टिकची नळी. माझं पाणी कुणी पीत नाही. माणसं येतात, ते बाटलीत भरून तपासायला नेतात आणि जमिनीखाली काय चाललंय ते जाणून घेतात. जमिनीवर काय चालतं तेही मी सांगितलं असतं, पण मूर्खपणा मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत नाही.

माझा जन्म नॉर्वेतला, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, म्हणजे फ्योर्डच्या काठी, मेंढ्या पाळणाऱ्या गुद्रुनच्या कुंपणाशी. वर टेकडीवर आगीच्या बंबवाल्यांचं सरावाचं मैदान आहे. काहीही पेटलेलं नसताना त्या शूरवीरांनी तिथे तीस वर्षं आग विझवायचा फेस फवारला. तो विषारी निघाला आणि मातीत मुरला. तो खाली गुद्रुनच्या कुरणापर्यंत पोचलाय का, एवढंच मला सांगायचं होतं. पोचला असेल तर तिची घरची विहीर बुजणार आणि कुरण बंद. दुसरं कुरण तिच्याकडे नव्हतं. म्हणजे साठ मेंढ्या खाटकाकडे.

मला उभं केलं तो ईस्टरच्या सुट्टीचा आदला दिवस. त्या दिवशी दुपारी बारानंतर तिथला माणूस डोंगरातल्या आपल्या लाकडी घराकडे पळतो. खोदाईवाला तोरगाइर आणि इंजिनिअर एइविंद यांनी खोदाईच्या गाडीवरच, सळयांशेजारी, बर्फावर घसरायच्या स्की बांधून आणल्या होत्या. घाईत तोरगाइरने भोकात सळईऐवजी स्की घातली.

"लांबीला बरी आहे," एइविंद म्हणाला.

भोक ढासळत होतं. ढासळू नये म्हणून आत पाणी सोडतात. नळ लांब होता, बंब जवळ. त्याच मैदानावरच्या, तोच फेस वाहणाऱ्या बंबातून त्यांनी आठशे लिटर पाणी ओतलं. मग बारीक चिरांची नळी, भोवती वाळू, वर फुगणारी माती, डोक्यावर लोखंडी टोपण. झाले मी.

नव्या विहिरीचं पोट आधी साफ करावं लागतं. आत दट्ट्या वरखाली करायचा, गाळ उपसायचा, ओतलेलं सगळं बाहेर काढायचं, पाणी नितळ होईपर्यंत. याला अख्खा दिवस लागतो. माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली.

"अजून गढूळ आहे रे," तोरगाइर म्हणाला.

"बसेल गाळ खाली. तो खाली, आपण वर डोंगरात." आणि एइविंदने कागदावर लिहिलं, 'पाणी नितळ'. पाणी कालच्या कॉफीसारखं होतं.

सुट्टीभर एइविंदने खुनाची कादंबरी वाचली. ईस्टरला तिथे सगळे तेच वाचतात. खुनी म्हणे त्याने अठराव्या पानावरच ओळखला.

परतल्यावर त्याने माझी बाटली भरली. निकाल आला: फेस. तोवर कोकरं जन्मली होती. तो तोंड पाडून गुद्रुनच्या दारात उभा राहिला, मागे तोरगाइर.

"वाईट वाटतं मावशी, पण विहीर खोटं बोलत नाही."

गुद्रुन एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. "विहिरीचं राहू दे. त्या बंबाचा पाईप माझ्या पायरीवरून गेला होता. अडखळून पडले मी. गुडघा अजून सुजलाय. कशाला होता तो?"

तोरगाइर बुटांकडे बघू लागला. "भोकात पाणी ओतायला."

"किती ओतलंत?"

"आठशे लिटर."

"काढलंत किती?"

"चाळीस असेल."

"हात आहेत ना दोघांना? चला."

ती माझ्याशेजारी स्टूल टाकून बसली. एका हातात काचेचा ग्लास, काखेत कॉफीचा थर्मास. "ग्लास नितळ दिसला की कॉफी." त्या देशात काम करणाऱ्या माणसाला कॉफी न देणं जवळजवळ मारहाणीत जमा होतं.

"एक घोट तरी, मावशी."

"कोकराकडे माग. बाटली आहे त्याच्याकडे."

दिवसभर त्यांनी दट्ट्या हलवला, पाणी टाकीत उपसलं. संध्याकाळी ग्लासातून गुद्रुनला कुंपण दिसलं. तेव्हा थर्मास उघडला.

मग भरलेल्या नव्या बाटलीचा निकाल यायला सोळा दिवस लागले. सोळा दिवस मेंढ्या गोठ्यात ओरडत होत्या. गुद्रुनने खाटकाला दोनदा फोन लावला आणि दोनदा न बोलता ठेवला. मग कागद आला: फेस नाही. तिने तो फाटकातच वाचला आणि फाटक उघडलं. पहिलंच कोकरू धावत येऊन माझ्या टोपणावर मुतलं. माझा सत्कार झाला तो एवढाच. अहवालात यश 'पथकाच्या काटेकोर कामा'ला दिलं होतं.

आता टोपण गंजलंय, नंबर पुसलाय. जाणारी-येणारी मुलं फटीतून खडे टाकतात. मित्रांनो, तुम्ही टाकू नका. मोठ्यांनी टाकलेलं मला पुरे आहे. आणि कुणाचं बोलणं खरं मानण्याआधी, आपणच त्याच्या पोटात काय ओतलंय ते उपसून घ्या.

एइविंद अजून वर्षातून एकदा माझी बाटली भरायला येतो, ईस्टरच्या आदल्या दिवशीच, गाडीवर स्की बांधून. मला त्याचा काडीचा भरवसा नाही. पण गुद्रुन स्टूल घेऊन येते. थर्मास तिच्या काखेत असतो, आणि झाकण घट्ट असतं.