पळीबाईंचं पहिलं दही

पळीबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा जावईबापूंनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घासूनपुसून ओट्यावर ठेवलं होतं. बाईंनी ते उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे? यात काय, मांजराचं दूध तापवायचं?"

त्यांचं तरी काय चुकलं! एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता. तिथली पातेली अशी, की तळ घासायचा तर आत उतरावं लागे. हातात सदा लांब दांड्याची पळी, म्हणून सगळे त्यांना पळीबाईच म्हणायचे. खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं.

लेक टपाल कचेरीत होती. घरात तिला चिऊ म्हणत, अंगापिंडाने चिमणीसारखी म्हणूनच. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "आता काही महिने साधं, ताजं, घरी केलेलं खायचं. पाकिटातलं, डब्यातलं बंद." जावईबापू चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांना चहा आणि अंडं यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "आई, तुम्ही आलात तर माझा जीव भांड्यात पडेल. स्वयंपाकातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

हे ऐकून बाईंनी "येते" म्हणून घाईघाईने फोन ठेवला होता. कारण कॅन्टीनमध्ये सूपची पूड पोत्यातून यायची, दुधाची पूड पिंपातून, आणि पावाचे ट्रे पहाटे गाडी टाकून जायची. बाईंनी सगळं उकळायचं, ढवळायचं आणि वाढायचं. नवरा लवकर गेला. मायलेकी कारखान्याजवळच्या एका खोलीत राहायच्या आणि दोन्ही वेळा कॅन्टीनमध्येच जेवायच्या. खोलीतल्या शेगडीवर चहाखेरीज कधी काही शिजलं नव्हतं. पण हे जावयाला कसं सांगायचं? आणि कोणत्या तोंडाने?

पहिल्या दिवशी त्यांनी गाजर, कांदा, भोपळा आणून सूप केलं. हात सवयीने सैल सुटला. मिठाची मूठ पडली, पिठाची पडली, आणि रटारटा उकळून भाज्यांचा जीव गेला. चिऊने दोन चमचे घेतले आणि हसून म्हणाली, "आई, अगदी कॅन्टीनची चव आली हं." मग चमचा हळूच खाली ठेवला. ती कौतुकानेच म्हणाली होती, तरी बाईंना ते लागलं. उरलेलं सूप जावईबापूंनी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना वाटलं, तरी सरेना.

मग पाव. बाईंनी यीस्टवर उकळतं पाणी ओतलं. त्यांच्या कामात उकळलं म्हणजे चांगलं झालं, हाच एक नियम होता. पीठ जे बसलं ते बसलंच. भाजून जो पाव निघाला त्याला सुरी लागेना.

जावईबापूंनी तो हातात तोलून पाहिला. "आई, हा खायचा, की वारा सुटला की दाराला लावायचा?"

बाई हसल्या, पण तोंड वळवून.

दह्याने तर त्यांचा अंतच पाहिला. उकळत्या दुधात विरजण घातलं, तर सकाळी हिरवट पाणी आणि चोथा. दुधाने तोंड पोळलं म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी दूध पार गार होऊ दिलं, तर सकाळी दूध जसंच्या तसं. ते त्यांनी मोरीत ओतलं, अंगावर शाल घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याचा डबा आणला, घरच्या वाडग्यात उपडा केला आणि वरून चमच्याने जरा विस्कटलं.

चिऊने एक घास घेतला. "आई, हे विकतचं आहे ना?"

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं! बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "पाव नाही, दही नाही, एका माणसापुरतं सूपसुद्धा नाही. चारशे माणसांना वाढलं मी, पण तुला म्हणून वेगळं काही केलंच नाही कधी. आता कुठून आणू?"

चिऊला हसू फुटलं. हसता हसता टाके ओढले गेले आणि तिने दोन्ही हातांनी पोट धरलं. "हसवू नकोस गं आई, दुखतंय!"

"मी कुठे हसवतेय? मी रडतेय!"

"आणि मी दुकानात बढाया मारतोय," दारातून जावईबापू म्हणाले, "की आमच्या सासूबाई म्हणजे अन्नपूर्णा!"

चिऊ उठली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती आपणहून स्वयंपाकघरात आली आणि पोटाशी उशी धरून खुर्चीवर बसली. "मला तरी कुठे येतंय? तुझीच मुलगी ना मी. ठेव दूध. बघू काय होतं ते."

दूध तापलं. जावईबापूंनी कुणाकुणाला विचारून एवढं माहीत करून घेतलं होतं, की विरजण जिवंत असतं, भाजलं तर मरतं आणि गारठलं तर झोपतं. दूध कोमट हवं.

"पण कोमट म्हणजे किती?" चिऊने विचारलं.

"थांबा, थर्मामीटर आणतो."

"कुठला? तापाचा? अहो, काल तो माझ्या काखेत होता!"

त्यांचं असं चाललं होतं, तोवर बाईंनी चमचाभर दूध घेऊन एक थेंब मनगटावर टाकला होता. त्यांनी जरा वाट पाहिली, नाही म्हणून मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा टाकला.

"हे काय करतेस?" चिऊ म्हणाली.

बाई स्वतःच चपापल्या. "अगं, तू बाटलीने दूध प्यायचीस. कॅन्टीनच्या मागच्या कोठीत खोक्यात निजवायची तुला. बाहेर शेगड्या भडकलेल्या, मुकादम हाका मारतोय, आणि मी आपली मनगटावर थेंब टाकत उभी. चटका बसायला नको आणि गारही जायला नको पोटात."

"रोज?"

"रोज म्हणजे? प्रत्येक बाटलीला!"

चिऊने आईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मनगटावर पातेल्यांच्या काठांचे जुने चटके होते, एकावर एक, आणि त्यांच्यामध्ये दुधाचा थेंब. तिने तो बोटाने पुसला. हात मात्र सोडला नाही.

"दूध निवतंय हो!" जावईबापू ओरडले. "आधी विरजण घाला, मग काय ती माया करा!"

सकाळी तिघंही वाडग्याभोवती गोळा झाले. झाकण काढायची कुणाची छाती होईना. शेवटी चिऊनेच काढलं. दही घट्ट लागलं होतं. चमचा फिरवला तर सुबक वडी निघाली. चिऊने तिथेच, उभ्या उभ्या, तोंडही न धुता खाल्लं. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने दुसऱ्यांदा चमचा बुडवला, तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला.

मग गाडी रुळाला लागली. पावाचं पाणीही बाईंनी मनगटावर जोखलं आणि ओल्या फडक्याखाली पीठ टम्म फुगलं. सूप मंद आचेवर शिजू लागलं. गाजराला गाजराची चव असते, हे पळीबाईंना त्या वयात कळलं. जावईबापू बरणीत साय घालून खळखळ हलवत घरभर फिरायचे, लोण्याचा गोळा आला की आरोळी ठोकायचे. एखादा दिवस बिघडायचाही. एकदा पाव खालून कोळसा झाला, तो तिघांनी वरून वरून खाल्ला.

चिऊच्या गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी तपासून कामावर जायची परवानगी दिली, आणि बाईंनी आपली पिशवी भरली. "राहा ना अजून," जावईबापू म्हणाले. बाई म्हणाल्या, "नको. आता माझं मलाही करून खाऊ दे की जरा."

घरी गेल्यावर आठवड्याभरात फोन वाजला. बाई कांदा चिरत होत्या.

"आई, पीठ हाताला चिकटतंय," चिऊ रडकुंडीला आली होती. "आणखी पीठ घालू का? हे म्हणतात पाणी घाल."

"त्यांना काचा घासायला सांग," बाई म्हणाल्या. "काही घालू नकोस. झाक आणि जरा बसू दे. मग हात ओला करून मळ. सुटेल ते आपोआप."

"नक्की?"

"अगं, मी सांगतेय ना!"

चिऊने फोन ठेवला नाही. जरा वेळाने पलीकडून पीठ मळल्याचा थपथप आवाज येऊ लागला, आणि बाई सुरी बाजूला ठेवून तो ऐकत बसल्या.