सतरावा अंक

मल्लिनाथनं सूचीचं पान टीपॉयवर पसरलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"काकू, हे नाव तुमचंच ना? सौदामिनी कंधारकर, भोकर. अंक सतरावा."

सौदामिनीबाईंनी चष्मा लावला. "नाव माझंच आहे. पण माझं कुठं काय छापून आलंय?"

मल्लिनाथ नांदेडच्या एका वाचनालयाचा ग्रंथपाल. हायकूला वाहिलेल्या, आता बंद पडलेल्या एका त्रैमासिकाच्या चाळीसपैकी एकोणचाळीस अंक त्याच्याकडे होते, आणि ही गोष्ट तो लग्नपत्रिका द्यायला आलेल्यांनाही ऐकवी. सतरावा तेवढा कधीचा गायब होता. त्यात जिची कविता आली तिच्याकडे तरी असेल, या आशेनं तो शेवटच्या अंकातली सूची घेऊन भोकरला आला होता.

"एकदाच पाठवली होती," बाई म्हणाल्या. "काही उत्तर आलं नाही. म्हटलं, हा आपला प्रांत नव्हे. पुन्हा लिहिलंच नाही."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळत.

खिडकीपाशी बाईंचे यजमान राघवेंद्र सर पेपर वाचत बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. शाळेचा खडूसुद्धा घरी न आणणारा माणूस, अशी तालुक्यात ख्याती. मघापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि पेन्शनच्या फायलींतून एक पिवळा पडलेला अंक काढून घेऊन आले. मल्लिनाथला आधी मुखपृष्ठ दिसलंच नाही. दिसला तो त्याच्याच वाचनालयाचा जांभळा शिक्का.

"मीच उचलला," सर म्हणाले. "पेपर तपासायला नांदेडला गेलो होतो. वाचनालयात चाळता चाळता हिचं नाव दिसलं. शर्टात घातला अन् निघालो."

"अहो, मग मला दाखवायचा ना!"

"शिक्का बघून तू दुसऱ्याच दिवशी परत द्यायला लावला असतास. दुसऱ्या प्रतीसाठी संपादकांना दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. मग दिवस जात राहिले, अन् सांगणं अवघड होऊन बसलं."

"सव्वीस वर्षं?"

सरांनी अंक बाईंपुढे सरकवला. मल्लिनाथनं चहाच्या कपात डोकं घातलं.

बाईंनी पान उघडलं.

ओली फरशी
तीत थोडं आभाळ
पुसू की नको

त्यांनी ते दोनदा वाचलं. राग आला होता, आणि रागाहून मोठा अभिमान. दोन्ही एकदमच तोंडावर आले.

"चांगली लिहीत होते की हो मी!"

"म्हणून तर चोरला," सर म्हणाले.

मल्लिनाथनं घसा खाकरला. "काकू, तुमच्याकडंच राहू द्या. मी एकोणचाळिसावर भागवतो." बोलताना त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

"छे! सव्वीस वर्षं ही कविता एकाच माणसानं वाचली. आता चार लोकांना वाचू द्या."

सरांनी खुंटीवरची टोपी काढली. "मी येतो सोबत. चोरी मी केली, जमा पण मीच करणार."

"थांबा जरा," बाई आत जाता जाता म्हणाल्या. "साडी बदलून आले. माझं नाव कुठल्या कपाटात राहणार, बघू तर द्या."