सोमवारची सहाची मीटिंग

शुक्रवारी सकाळी वीरधवल सरांनी पुण्याच्या ऑफिसातून फोनवर कामावरून कमी करायची तीन नावं सांगितली, तेव्हा रेश्माची लेक दूध पिता पिता तिच्या मांडीवरच झोपली होती.

"तिघांना सोमवारी कळेल. तोवर कुणाला वास लागता कामा नये," सर हळू आवाजात म्हणाले. "लागला, तर चौथं नाव कुणाचं, हे मी सांगायला नको."

माधवनगरच्या घरात, वरच्या खोलीत बसून रेश्मा आठ जणांची टीम चालवायची. त्या दिवशी कामं वाटताना तीन नावांपुढं काही लिहायला तिचा हात धजेना. खालून सासूबाई ओरडल्या, "आगं, जेवतीस का न्हाई? अंगावर पितं लेकरू हाय!"

सव्वाचारला आर्जवचा फोन आला.

"ताई, सोमवारी संध्याकाळी सहाला मीटिंग? मला उपाशी मारताय व्हय?"

आर्जव जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा. थंडीत सहाला अंधारून येतं, म्हणून तीन वर्षांत रेश्मानं साडेपाचनंतर मीटिंग म्हणून ठेवली नव्हती.

"पुण्यातून लावलीय," ती म्हणाली.

"तरीच! तुमी असलं करायच्या न्हाई. म्हणून तर दुसऱ्या कंपनीनं नोकरी देऊ केलीय, तिला 'नाही' म्हणून कळवतोय. आज पाचपर्यंत उत्तर मागितलंय. आई म्हणती, एवढं जीव लावणारं माणूस सोडून कुठं जातोस?"

यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. मांडीवरच्या लेकीनं झोपेतच रेश्माचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. एक वाक्य, आणि या घरातला एकमेव पगार जाणार. घड्याळात चार वीस.

"आर्जव, 'नाही' म्हणून कळवू नको. हो म्हण. आत्ताच्या आत्ता."

तो पडल्या आवाजात म्हणाला, "माझं काय चुकलं का, ताई?"

"तुझं काही चुकलं नाही रे. सोमवारची मीटिंग कामासाठी नाही."

"ताई," तो म्हणाला, "ती मीटिंग प्रीतीलाबी आलीय. कृष्णातलाबी. प्रीतीला वाटतंय, बढती हाय. तिनं घरात सांगून टाकलंय."

रेश्मानं डोळे मिटले. एकालाच सावध करू, मग गप्प बसू, असा हिशेब मनात कुठंतरी होता. तो आता चालणार नव्हता.

"त्यांना मी सांगते. तू आधी तुझं उत्तर पाठव."

तिनं प्रीतीचा नंबर काढला, तोच पुण्याहून सरांचा फोन वाजू लागला. तिनं तो कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. लेक दचकून रडायला लागली, तशी तिला खांद्यावर घेऊन थोपटत तिनं प्रीतीला फोन लावला.

"ताई! तुमचीच वाट बघत होते," प्रीतीच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "सांगा ना, सोमवारी काय आहे?"

"प्रीती," रेश्मा म्हणाली, "आधी जरा खाली बस."