दुमडलेला कोपरा

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. चिनी माणसांना इंग्रजी क्रियापदं समजावणारा. एका पानावर एक क्रियापद, खाली चिनी अर्थ, मग ते कुठं वापरायचं त्याची उदाहरणं. माझा धनी लिन हा यंत्रं बसवणारा कारागीर. हातकणंगल्याजवळ तवनाप्पांच्या कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणारा प्रेस बसवायला तो आला, तसा मीही आलो.

लिनचं इंग्रजी बेताचंच, मराठीचा तर गंधही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये फोनला रेंज मिळत नसे. मग तो माझ्यातल्या चिनी ओळीवर बोट ठेवी आणि प्रेस चालवणारे गौसभाई वरचा इंग्रजी शब्द वाचत. दोघांची गट्टी जमली ती माझ्यामुळं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

लिन निघायच्या दिवशीच खंडेनवमी आली. पाना-पक्कड, हातोडे, प्रेस, सगळ्यांची पूजा झाली. ही पण पाहुण्याची विद्याच, असं म्हणत तवनाप्पांनी मलाही पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. जन्मात पहिल्यांदा मला फूल मिळालं. मी भलताच फुशारलो.

तेवढ्यात लिन मला घ्यायला आला. गौसभाईंना एक गोष्ट सांगायची राहिली होती. प्रेसची तेलाची नळी खोलण्याआधी आतला दाब सोडायचा. त्यासाठी ‘रिलीज’च्या पानाचा कोपरा त्यानं सकाळीच दुमडून ठेवला होता. तवनाप्पांनी हात आडवा केला.

“पूजेतलं पुस्तक आज हलवायचं न्हाय, पावणं. उद्या घ्या की.”

उद्या लिन इथं कुठला असणार? त्यानं हातवारे करून सांगून पाहिलं. गौसभाईंना काही उमगलं नाही, पण पाहुण्याचं मन कसं मोडायचं, म्हणून ते मान डोलवत राहिले. लिन समाधानानं गेला. मी फुलाखाली मुकाट पडून होतो, याची मला आजही लाज वाटते.

पंधरवड्यानं नळी गळू लागली. गौसभाईंनी प्रेस बंद केला आणि थेट नट सैल केला. आत दाबून राहिलेलं तेल सुईसारखं कातडी भेदून त्यांच्या उजव्या हातात घुसलं, आतलं मांस सडलं. डॉक्टरांना दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मला चाळलं. दुमडलेला कोपरा सापडला. डावं बोट त्या शब्दावर ठेवून ते म्हणाले, “मालक, हे हितंच हुतं की.”

तवनाप्पांना खंडेनवमीला आडवा केलेला आपला हात आठवला.

मित्रांनो, पुस्तकाला नमस्कार जरूर करा, पण अडल्या वेळी ते पाटावरून उचला. यंदाच्या खंडेनवमीला तवनाप्पांनी मला त्याच पानावर उघडून प्रेससमोर ठेवलं. फूल मात्र बाजूला वाहिलं. अक्षर झाकायला नको म्हणून.