वल्ह्याला बांधलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. पण किती वाजले, हे मला वर्षानुवर्षे कुणी विचारलेच नाही. मला विचारला जाणारा प्रश्न निराळा होता : किती वेळ लागला?

माझ्या पोटात एक इवलासा स्फटिक आहे. तो सेकंदाला बत्तीस हजारांहून अधिक वेळा थरथरतो. मला घडवणाऱ्या हातांनी ती थरथर माझ्यात ठेवली आणि झाकण लावून टाकले. थांबणे म्हणजे काय असते, याचे कुतूहल मला तेव्हापासूनचे.

रंजिताने मला वाशीच्या एका दुकानातून पहिल्या पगारात विकत घेतले. ती करावे गावची. तिचे वडील नामा खाडीत मासेमारी करतात. ती बेलापूरला नोकरी करते आणि सकाळी पाम बीच रस्त्यावर धावते. सात वर्षे मी तिच्या डाव्या मनगटावर राहिले. तिच्या घामाने माझ्या बटणांवरची अक्षरे पुसली गेली. धाव संपली की ती मला डोळ्यांजवळ नेई आणि म्हणे, "शाब्बास!" ते नेमके कुणाला, हे मला कधीच कळले नाही.

गेल्या वर्षी पहिल्या मॅरेथॉननंतर सहाव्याच दिवशी तिने माझे बटण दाबले. वेग घसरलेला दिसताच ती चिडली आणि अधिक जोराने धावली. पंधरवड्यात नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. चार महिने ती खिडकीशी बसून होती. डॉक्टरांनी बजावले, "पुन्हा अशी घाई केलीत, तर धावणे कायमचे सुटेल." ती घाई माझ्याच काचेवर उमटलेली होती, मित्रांनो.

या जानेवारीत तिने पुन्हा बेचाळीस किलोमीटर पूर्ण केले. त्यानंतर आठवडाभर ती केवळ चालली आणि पोटभर झोपली. आठव्या दिवशी तिच्यासोबत धावणारा विपुल दारात येऊन उभा राहिला.

"काय मॅडम, रिटायरमेंट घेतली काय? चल ना, पंधराच किलोमीटर. अख्खा ग्रुप येतोय."

"पंधराच?" रंजिता हसली, पण तिचे बोट माझ्या बटणाकडे सरकले. "तशी आता नडगी दुखत नाहीये. काहीच दुखत नाहीये."

"त्याचाच मना भ्याव वाटतं," ओट्यावर जाळे सांधणारे नामा म्हणाले. "बाय, जरा होरी बघाला चल. विपुल, तू बी ये. पंधरा किलोमीटर नाय, शंभर पावलं हाय."

दुरुस्तीसाठी महिनाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली त्यांची होडी आदल्या दिवशीच उथळ पाण्यात बांधली होती. तिच्या तळाशी वीतभर पाणी साचले होते.

"बाबा, ही गळतेय की!"

"गलू दे. म्हयनाभर उन्हात होती, लाकूड सुकलं, फटी परल्या. वरनं रंग बघ, कसा नवा दिसतं! पन आज खोल पान्यात नेली तं बुडल. आधी हितंच ठेवाची. लाकूड पानी पितं, फुगतं, फटी आपसूक मिटतान. मंग जाऊ दे खाडीभर."

"पण काका, किती वेळ लागतो?" विपुलने विचारले. अगदी माझाच प्रश्न!

"ते लाकडाला इचार."

रंजिताने त्या साचलेल्या पाण्याकडे पाहिले, मग स्वतःच्या नडगीकडे. मग तिने मला मनगटावरून सोडवले. "बाबा, हे तुझ्याजवळ ठेव. हातात असलं की मी याचंच ऐकते." नामांनी मला धक्क्यावर रोवलेल्या, जाळी वाळत घालायच्या एका तुटक्या वल्ह्याला बांधले. सात वर्षांच्या सेवेचे हे फळ? मला अपमान वाटला.

त्यानंतर ती एक दिवसाआड येई. थोडे चालणे, थोडे हलके धावणे. विपुलही सोबत असे. नामांची अट एकच होती : "बोलत पलाचं. बोलनं तुटलं का चालाचं." तिवरांच्या झाडीतील वळणापलीकडे मला काही दिसत नसे. केवळ आवाज ऐकू येत. विपुलच्या थट्टा, तिचे हसू. न पाहता ऐकण्यात किती मोठे जग असते!

एका सकाळी ते आवाज एकदम थांबले. मी सेकंद मोजत राहिले. त्यांचा कुणालाच उपयोग नव्हता. अखेर वळणावरून दोघे सावकाश चालत आली.

"नडगी जरा बोलली," रंजिता म्हणाली. "म्हणून मी ऐकलं."

"हिने मला पण चालवलं, काका! ग्रुपवाले बघत होते, पार इज्जत गेली."

पुढचे तीन दिवस ती फिरकली नाही. होडी केव्हाच कोरडी होऊन खाडीत जाऊ लागली होती. माझी नजर मात्र वळणावर खिळलेली. चौथ्या दिवशी ती आली. चाललीच अधिक. मग हळूहळू धावण्याचे तुकडे एकमेकांना जोडले गेले, फळ्या जुळाव्यात तसे.

महिनाभराने, एका सकाळी, ती वळणापलीकडे धावत गेली आणि अखंड बोलत धावतच परतली. नडगी गप्प होती. धापा न टाकता ती वल्ह्याजवळ उभी राहिली. मी सारे मोजून ठेवले होते, सेकंदासह. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले,

"किती वाजले? ऑफिसला उशीर व्हायचा."

सात वाजून दहा मिनिटे, मी सांगितले. इतके सोपे उत्तर मी आयुष्यात प्रथमच दिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू बहुधा विनवतात, आम्हाला कोपऱ्यात टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. मोठ्या धावेनंतर मला काही दिवस खुशाल एखाद्या वल्ह्याला बांधा. मी चालतच राहीन. तुम्ही मात्र परत येताना, वळणावरून, मला तुमचा आवाज ऐकू द्या.