सुतार बोलायला शिकला

गावात सुतार एकच होता आणि तो फारसा बोलायचा नाही. दार बिघडलं म्हणून कोणी बोलवायला आलं, की मान हलवायचा, पिशवी खांद्याला लावायचा आणि चालू लागायचा. काम झाल्यावर दार एकदा उघडून मिटून दाखवायचा. घराच्या वाटचं सगळं बोलणं त्याची बायको बोलायची, आणि तेही दोन तऱ्हांनी. गावाशी तोंडाने, लेकीशी हातांनी.

लेक, चिमी, जन्मापासून बहिरी. लहानपणी मायलेकींनी आपापसात खुणा बसवल्या होत्या. पुढे चिमी शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहून आली, तेव्हा तिथल्या खुणाही आईने तिच्याकडून शिकून घेतल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघींचे हात सुरू झाले की थांबायचं नाव नाही. भाजी करपायची तरी गप्पा संपायच्या नाहीत. सुतार ताटावर बसून बघत राहायचा. लेकीला काही सांगायचं असलं तर बायकोला सांगायचा. त्याच्या स्वतःच्या खुणा बोटांवर मोजण्याइतक्या: ये, जेव, झोप, शाब्बास.

मग बायको आजारी पडली आणि गेली. चिमीला शहरात पिशव्या शिवायच्या कारखान्यात काम मिळालं, राहायची सोय झाली, आणि घरात सुतार एकटा उरला. शहर डोंगराच्या पलीकडे. गावात फोनला रेंज नव्हती. घाटातल्या वळणावर उभं राहिलं तर आवाज यायचा, पण या दोघांना आवाजाचा काय उपयोग? अक्षराशीही सुताराचं कधी जमलं नव्हतं. शाळेच्या मास्तरीणबाई कामासाठी शहरात गेल्या की चिमीला भेटून यायच्या. ती बरी आहे, तुम्ही वेळेवर जेवता का विचारत होती, एवढा निरोप आणायच्या. सुतार म्हणायचा, मीही बरा आहे म्हणावं. तेवढ्यावर महिनेच्या महिने जायचे.

अशात एक मुलगी गावात आली. दूरच्या गावांना इंटरनेट पोचवणाऱ्या एका संस्थेची होती. लोकांना वाटलं, आता ही तारांची भेंडोळी आणणार, म्हणून तिचं नाव 'तारवाली' पडलं. तार लागतच नाही हे तिने कितीदा समजावलं, पण नाव काही सुटलं नाही. शाळेच्या अंगणात तिने सगळ्यांना नीट सांगितलं. डोंगराच्या माथ्यावरून शहरही दिसतं आणि आपलं गावही. माथ्यावर डिश बसवायची, शाळेवर दुसरी बसवायची. दोघींना एकमेकी दिसायला हव्यात, मधे काही यायला नको. नेमकं मधे आलं धान्याचं गोदाम. शाळेचं छप्पर त्याच्याहून बुटकं. म्हणून छपराच्या वर जाईल असा उंच, न हलणारा खांब हवा होता, आणि त्यासाठी ती मास्तरीणबाईंबरोबर सुताराच्या कामाच्या खोलीत आली.

सुतार रंधा मारत होता. तिने मापं सांगितली, त्याने ऐकून घेतली. मग विचारलं, "वर काय बसणार?"

"ताटाएवढी डिश, काका. ती बसली की फोनवर माणसं दिसतील. समोर बसल्यासारखी."

सुताराने रंधा बाजूला ठेवला. "हातही दिसतील?"

तारवालीला प्रश्नच कळला नाही. मास्तरीणबाईंनी तिला हळू आवाजात चिमीबद्दल सांगितलं. तशी ती म्हणाली, "हातही दिसतील, काका. अगदी बोटंसुद्धा."

त्या खांबासाठी सुताराने जपून ठेवलेला सरळसोट वासा काढला. कोणाच्या तरी घराच्या आढ्यासाठी ठेवलेला होता तो. तासला, तेल पाजलं, बुडाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, तंबूला देतात तसे चारी बाजूंनी ताण दिले. एवढ्यात तर घर उभं राहिलं असतं, असं लोक चेष्टेने म्हणाले. त्याने ओळंबा सोडून पुन्हा एकदा खांब तपासला.

डिश बसली, रेंज आली. मास्तरीणबाईंनी चिमीला आधीच कळवून ठेवलं होतं. वर्गातल्या बाकावर पुस्तकांना टेकवून आपला फोन उभा केला, सुताराला समोर बसवलं, आणि पडद्यावर चिमी आली. केस कापलेले, थोडी भरलेली. बापाला बघितलं आणि तिचे हात सुटले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम यायला लागलं. सुताराला त्यातलं काहीच कळेना. ती थांबल्यावर त्याने 'जेव' अशी खूण केली. तिने जेवल्याचं सांगितलं. त्याने 'शाब्बास' केलं. आणि त्याच्याजवळचं बोलणं संपलं. दोघं एकमेकांकडे बघत बसली.

मास्तरीणबाईंना वाईट वाटलं. चिमीने लिहून पाठवलं तर मी वाचून दाखवत जाईन, असं त्या म्हणाल्या. सुताराने फोन उचलून बाईंच्या हातात दिला. मग म्हणाला, "नको, बाई. तिच्या आईला कोणी वाचून दाखवत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो हत्यारांची पिशवी घेऊनच आला. फोन लागला तसा त्याने रंधा उचलून चिमीला दाखवला. तिला काही कळेना. तो दाखवत राहिला. मग तिने रंध्याची खूण करून दाखवली. आणि ती खूण म्हणजे सुतार आयुष्यभर जे करत आला होता तीच हालचाल होती, नुसती हातात रंधा नव्हता. त्याने ती बरोबर केली. मग करवत, हातोडी, खिळा. लाकूड कोरायच्या पटाशीची खूण चिमीलाही ठाऊक नव्हती, ती दोघांनी मिळून ठरवली. हत्यारं संपल्यावर घरातल्या वस्तू आल्या, मग भूक, थंडी, गुडघेदुखी. जी गोष्ट हातात धरून दाखवता येत नाही ती जड जायची. 'आठवण' ही खूण त्याने पुन्हा पुन्हा चुकवली.

सुताराच्या एका बोटाचं पेर करवतीने गेलेलं होतं आणि बाकीची बोटंही लाकडासारखी ताठ. चिमी त्याला चिडवायची, "बाबा, तुम्ही बोबडं बोलता." ते चिडवणं त्याला स्वतःला कळलं, कोणी न सांगता, या आनंदात तो घरी आला आणि एकटाच हसला. तारवालीने पुढच्या फेरीत त्याला संस्थेचा एक जुना फोन दिला. त्याची कामाची खोली शाळेला लागूनच होती, त्यामुळे दुपारची गाठभेट तिथे, लाकडाच्या ढिगात होऊ लागली.

एकदा चिमी आईची आठवण सांगत होती आणि बोलता बोलता खांद्यावरून दोन बोटं झटकत होती. पुन्हा पुन्हा तेच. सुताराने ते काय म्हणून विचारलं.

"ते तुम्ही," चिमीने सांगितलं. "आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. तुमचं आईने ठेवलेलं. तुम्ही घरी यायचात तेव्हा खांद्यावर भुसा असायचा, तो ती झटकायची."

सुताराने आपल्याच खांद्यावरून दोन बोटं झटकून बघितली. ज्या घरात तो इतकी वर्षं मुकाट जेवला, त्या घरात त्याला नाव होतं, त्याच्याबद्दल बोललं जात होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. मग त्याने विचारलं, आई काय म्हणायची माझ्याबद्दल? चिमी सांगत राहिली. तक्रारीही होत्या, त्याही तिने लपवल्या नाहीत. एक मात्र तिने सावकाश, त्याला नक्की कळेल असं सांगितलं. "आई म्हणायची, तुझा बाप बोलत नाही, पण आपल्या घरातलं एकही दार कधी कुरकुरलं नाही." त्या दुपारी सुताराने दुसरं काम केलं नाही.

थंडी सरताना मोठं वारं सुटलं. शाळेवरचा खांब जागचा हलला नाही, पण माथ्यावरची डिश फिरली आणि सगळं बंद पडलं. तारवाली यायला काही दिवस गेले. एरवी महिनोन्‌महिने निरोपाशिवाय काढणाऱ्या सुताराला ते दिवस खायला उठले. ती आली तेव्हा तो तिच्याबरोबर डोंगर चढून गेला. ती पाना घेऊन डिश वळवत होती, तो शिडी धरून उभा होता, आणि तिथे उभ्या उभ्या त्याने तिला सगळं सांगितलं. रंध्याची खूण, बोबडं बोलणं, भुशाचं नाव. तारवालीने पाना थांबवून ऐकलं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "माझी बायको गेली त्याला इतकी वर्षं झाली. तिने मला काय म्हटलं ते मला आत्ता ऐकायला मिळालं. तुमचं हे मी कसं फेडू?"

तारवालीने पाना पुन्हा डिशला लावला. ती म्हणाली, "फेडायचं काय, काका. शिडी तेवढी घट्ट धरा." आणि दोघंही हसली.

त्यानंतर चिमीचं लग्न झालं, कारखान्यात कापड कापणाऱ्या एका बहिऱ्या मुलाशी. तो हात वेगाने चालवतो, सुताराला त्याला जरा दमाने घ्यायला सांगावं लागतं. परवा चिमीने कळवलं की तिला दिवस गेलेत. सुताराने काय खातेस, झोपतेस का, सगळं विचारून झाल्यावर तिनेही एक विचारलं.

"बाबा, मी बहिरी आहे हे कळलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

त्याला खोटं सांगता आलं असतं. "वाईट नाही," त्याने हातांनी सांगितलं. "भीती वाटली होती. तुझ्याशी बोलता येणार नाही म्हणून."

"आणि बाळही तसंच निघालं तर?"

"तर मी त्याला पटाशी शिकवीन. ती खूण शाळेत शिकवत नाहीत."

चिमी इतकी हसली की तिने टेकवून ठेवलेला फोन उताणा पडला आणि सुताराला बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं. तेवढ्यात शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत रेंजवर तुटून पडली, चित्र अडखळायला लागलं. त्याने फोन बंद केला, भुसा झाडला आणि पाळण्याला कुठलं लाकूड हलकं पडेल ते बघायला उठला.