अंतरपाटाखालचा उजेड

दीपमालाच्या लग्नात माझ्या आईने भरलेला अंतरपाट धरायचा, हे माझं फार दिवसांचं मनातलं. माहेरची सगळी लग्नं त्याच्याआड लागली, माझंही. पण पेटीतून काढला तर घडीवर विरलेला, कडेला फाटलेला. फाटका पाट मांडवात कसा धरायचा? तेव्हा ठरवलं, तीच नक्षी नव्या मलमलीवर उतरवून घ्यायची आणि रेशमाने भरायची. आई आता नाही; तिच्या हातचं वळण तरी लेकीच्या लग्नात असावं, एवढंच.

उतरवणं सोपं वाटलं होतं. कार्बन लावला तर पांढऱ्या कापडावर निळे डाग पडले, ते धुऊन निघेनात. खिडकीच्या काचेवर धरलं तर आमच्या काचा फुलाफुलांच्या; आईचं स्वस्तिक कुठलं आणि काचेतलं फूल कुठलं, समजेना. नव्या कापडाखाली जुनं कापड, त्याखालून चांगला उजेड हवा. तसा खोका इंजिनीयर लोकांच्या सामानाच्या दुकानात मिळतो म्हणे. मी गेले, किंमत विचारली, आणि नमस्कार करून बाहेर आले.

आमचे हे सातपूरला कारखान्यात. त्यांनी तिथून पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा आणला, पत्र्याच्या डब्यात शंभरचा बल्ब बसवला, वर तुकडा ठेवला. म्हणाले, "हे घे, तुझं दुकान." थोड्या वेळाने तुकडा पापडासारखा वाकला आणि घरभर असा वास सुटला की देवापुढची उदबत्तीही हरली.

मग गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायची पेटी वापरू दिली. पण ती भिंतीवर उभी. एका हाताने कापड धरायचं, दुसऱ्याने पेन्सिल. मागे बाकावर पेशंट. एक आजीबाई म्हणाल्या, "बाई, कोनाचं हाड मोडलं?" दुसरी म्हणाली, "हाड कुठलं, आतडं दिसतंय ते." मी कापड गुंडाळून घरी आले.

शेवटी टीव्हीच्या शोकेसची सरकती काच काढली, दोन पाटांवर आडवी ठेवली, खाली ट्यूबलाइट ठेवली, काचेवर बटर पेपर अंथरला. फुकटात झालं! स्वस्तिक, कलश, पोपटांची जोडी, सगळं लख्ख दिसायला लागलं. मी हात जोडले.

आणि लाइट गेली.

त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. येऊन-जाऊन सकाळी आंघोळी उरकेपर्यंत लाइट असायची. तीच माझ्या पोथीची वेळ. रोज एक अध्याय, आणि एकदा बसलं की अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा नेम.

हे म्हणाले, "अगं, चार दिवस पोथी दुपारी वाच. देव काय घड्याळ लावून बसलाय?"

"अहो, तो नसेल बसला. मी बसलेय ना."

"मग अक्काला सांग काढायला."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, लग्नासाठी आधीच येऊन राहिलेल्या. त्या लगेच तयार. पण खाली ट्यूब बघून म्हणाल्या, "देवाचा दिवा वर आणि सविताचा जमिनीवर. असं कुठं पाहिलं नाही बाई." मी जुना अंतरपाट काचेवर पसरला, त्यावर नवी मलमल ठेवून दाखवली, पेन्सिल हातात दिली आणि जाऊन आसनावर बसले. समोरच त्या दिसत होत्या.

अध्यायाच्या मध्यावर नजर गेली आणि ओवीवरचं बोट थांबलं. अक्कांनी जुना पाट झटकून परत अंथरला होता, तो पालथा. आईचे टाके दोन्ही अंगांनी सारखे. उलटसुलट कळायची ती फक्त स्वस्तिकाच्या वळणावरून. अक्का उलटं स्वस्तिक काढत होत्या. आणि हातात पेन्सिल नव्हती, बॉलपेन होतं!

बोलता येईना, उठता येईना. मी हात हलवला. अक्का म्हणाल्या, "पानं उडतात का?" आणि पंखा बंद केला. मी हात उलटा-पालटा करून दाखवला. "हो हो, भाकरी मी उलटते नंतर, तू वाच." मी आवाज चढवला, ओव्या भराभर म्हणायला लागले. अक्कांनी मान डोलावली. "आज काय आवाज लागलाय गं!"

अध्याय संपवून धावले तेव्हा स्वस्तिक पुरं झालं होतं, निळंशार, ठळक.

"अक्का, पेन्सिल दिली होती ना?"

"फिकट उमटत होती, म्हणून हे घेतलं. छान आलंय की!"

"उलटं आलंय ते. लग्नात उलटं स्वस्तिक धरायचं?" माझा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. अक्कांचा चेहरा उतरला. मला रडूच आलं. नवं कापड आणायचं, पुन्हा लाइटची वाट पाहायची, भरायचं कधी? लग्न तोंडावर आलेलं.

दीपमाला केस पुसत बाहेर आली. "काय झालं?" तिने कापड उचललं, खिडकीपाशी धरलं. शाई पार पलीकडे उतरली होती. तिने कापड फिरवलं.

"आई, हे बघ. सरळ. या बाजूने भर. आणि ही बाजू माझ्याकडे धरा, मलाच बघायचंय ते."

अक्का म्हणाल्या, "मी कधी म्हटलं चुकलं म्हणून?" आणि सगळे हसले.

मी नाही हसले. जीव भांड्यात पडला तसं ध्यानात आलं, मी घाईत कितीतरी ओव्या गिळल्या होत्या. नुसतं तोंड चाललं होतं.

"राहू दे गं," हे म्हणाले. "उद्या जास्त वाच."

"नाही हो. आजचा आजच."

पुन्हा आसनावर बसले, पहिल्या ओवीवर बोट ठेवलं. नेमकी त्या दिवशी लाइट गेलीच नाही. ट्यूब काचेखाली लख्ख जळत होती.

"सविता," अक्कांनी बॉलपेन उचलून विचारलं, "आता पोपट कुठल्या अंगाने काढू गं?"

मी मान वर केली नाही. एकेक अक्षर सावकाश वाचत राहिले.